चौथ्या ट्रेमधला बोकड

ओरालिया सेपुल्वेदाच्या खिडकीला लागून माझी खिडकी. तिच्याकडे कोर्टाची कागदपत्रं, माझ्याकडे गाड्यांच्या नंबरप्लेटा. सतरा वर्षं मी तिच्या शेजारी बसले आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मी तिच्यावर वैतागलेली होते, हे आधीच सांगून टाकते. वैतागाचं कारण तिचं पिवळं पॅड.

सैन्यात भरती व्हायचं म्हणून कुणी मुलगा किंवा मुलगी आमच्या मर्टल वेल्सच्या कोर्टात आली, की तिला एकच दाखला हवा असायचा. आपल्या नावावर या काउंटीत काय काय गुन्हे नोंदलेत आणि त्यांचा निकाल काय लागला, एवढंच. पाच मिनिटांचं काम. पण ओरालिया आधी पिवळं पॅड पुढे सरकवायची, वर पेन ठेवायची आणि म्हणायची, "लिही. आठवतंय तिथपासून."

"सगळं, ओरालियाबाई?"

"सगळं. जे पकडलं गेलं ते सगळं. जे नाही पकडलं गेलं ते तुझं तुला आणि चर्चला ठाऊक."

मग ते कार्टं माझ्या खिडकीच्या फळीवर कोपर टेकून लिहीत बसायचं, मान खाजवायचं, पुन्हा लिहायचं, आणि माझी रांग थेट दारापर्यंत जायची. रांगेतले लोक माझ्यावर डाफरायचे. मी ओरालियावर डाफरायचे. ती म्हणायची, "नेल्डा, तुझ्या नंबरप्लेटा काही पळून जात नाहीत."

लिहून झालं की ती चष्मा कपाळावरून नाकावर आणायची आणि वाटणी सुरू करायची. तिच्या टेबलावर चार ट्रे होते. पहिला रहदारीचा: वेग जास्त, पट्टा लावला नाही, सिग्नल तोडला. दुसरा किरकोळ: बंद बागेत शिरले, भर वस्तीत फटाके उडवले, गोंगाट केला. तिसरा गैरवर्तनाचा: दुकानातून वस्तू उचलली, दारू पिऊन गाडी चालवली. चौथा गंभीर, म्हणजे घरफोडी आणि तिच्या भावंडांचा. चौथ्यातलं एक असलं, तिसऱ्यातली दोन असली किंवा दुसऱ्यातली पाच झाली, की सैन्याकडून खास सूट मागावी लागते. ही यादी भरतीच्या सार्जंटाकडे छापील असायची. पण सार्जंट दर तीन वर्षांनी बदलायचे आणि ओरालिया तिथेच असायची. नवा सार्जंट आला की पहिल्या महिन्यात रुबाबात यादी हलवत यायचा, दुसऱ्या महिन्यात फोन करून विचारायचा, "मॅडम, सरकारी कुंपणावर चढणं कुठल्या ट्रेमध्ये?"

तिचा मुख्य झगडा ट्रेंशी नव्हताच. तो होता 'पुसून टाकलं' या शब्दांशी. आमच्याकडे लहान वयात काही केलं तर जज आठवडाभर रस्त्यावरचा कचरा उचलायला लावतो आणि म्हणतो, जा, पुसून टाकलं. पोरांना वाटतं, गेलं. सैन्याच्या कागदावर विचारलेलं असतं, कधी काही घडलं होतं का? पोरं बिनधास्त लिहितात, नाही.

"जजने पुसलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी," ओरालिया सांगायची. "सैन्याला पुसलेलंही सांगायचं असतं, बाळ. केलंस त्याचा ट्रे असतो. लपवलंस त्याला ट्रे नसतो."

हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पंधराव्या वर्षी ती आणि तिच्या चार मावसबहिणी गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून आत पोहल्या होत्या. ऑगस्ट महिना, एकशे सात डिग्री फॅरनहाइट ऊन, मी असते तर मीही पोहले असते. शेरीफच्या डेप्युटीने पाचही जणींना चलन दिलं, जजने कचरा उचलायला लावला आणि पुसून टाकलं. अठराव्या वर्षी ही सैन्यात निघाली तेव्हा चुय मामा म्हणाला, "लिही 'नाही'. कोण बघतंय." हिने लिहिलं. सॅन अँटोनियोला शपथेच्या दालनात सगळ्यांची नावं पुकारली, हिचं पुकारलंच नाही. मग एका अधिकाऱ्याने बाजूला बोलावून ते चलन दाखवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मुली, हे दुसऱ्या ट्रेमधलं एक आहे. एकाला सूटसुद्धा लागत नाही. तू 'हो' लिहिलं असतंस तर आत्ता शपथ घेत असतीस." त्याच बॅगेसकट ती त्याच बसने परत आली आणि पुढच्या महिन्यात कोर्टात कारकून म्हणून लागली.

ही गोष्ट ती हसत हसत सांगायची. टाकीचा भाग तर हातवारे करून सांगायची. बसचा भाग मात्र भरभर उरकायची.

आता बोकडाबद्दल.

आमच्या शाळेचा आणि शेजारच्या ड्राय फोर्कच्या शाळेचा दर ऑक्टोबरात फुटबॉलचा सामना होतो. ड्राय फोर्कच्या संघाचं मानचिन्ह म्हणजे कर्नल नावाचा एक दाढीवाला बोकड. सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी कर्नलला पळवायचं, हा रिवाज. बोकडाचे मालक हब टीग त्या दुपारी गोठ्याचं फाटक मुद्दाम उघडं टाकतात आणि दारात त्याच्या खाण्याची पिशवीसुद्धा ठेवतात, कारण एका वर्षी पोरांनी त्याला पिझ्झा घातला होता. मग डेप्युटी चोर 'पकडतो', आणि मध्यंतरात मैदानावर भोंग्यावरून आरोपपत्र आणि शिक्षा वाचून दाखवतात. ते आरोपपत्र बावीस वर्षं ओरालिया टाइप करत होती. आमच्या राज्यात जनावर चोरणं हा मोठा गुन्हा आहे, त्यामुळे तिने कायद्याचं कलमही चोख घातलेलं असायचं. कोर्टाचा खरा फॉर्म, खरा शिक्का, वर खटल्याचा नंबर. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, साध्या कागदावर कर की." तर म्हणाली, "गंमत करायची तर नीट करावी."

ते कागद मागच्या खोलीत एका खोक्यात जात. दोन वर्षांपूर्वी कोर्टाचे सगळे जुने कागद संगणकात घालायचं ठरलं. बाहेरगावची माणसं आली, त्यांनी खोकी उचलली, यंत्रात घातली आणि निघून गेली. बोकडाचं खोकं त्यातच होतं. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. मंगळवारी सकाळी सार्जंट टॉलिव्हर आला. जॉर्जियाचा, गावात येऊन तीनच महिने झालेले, इस्त्री इतकी कडक की बसताना आवाज यावा. सोबत लेसी होल्कोम्ब. लेसी एकोणीस वर्षांची, टायरच्या दुकानात काम करणारी, नखांत कायम काळं. तिला हेलिकॉप्टर दुरुस्तीचं शिक्षण घ्यायचं होतं, सैन्यात ती जागा मिळायला आठ महिने थांबली होती, आणि आता मिळाली होती. तिने नोव्हेंबरात पिवळं पॅडही भरलं होतं: वेगाची दोन चलनं, बस. ओरालियाने ते नेहमीसारखं जुन्या वहीतच ताडून पाहिलं होतं.

"मॅडम," सार्जंट म्हणाला, "संगणकात या मुलीवर जनावरचोरीचा आरोप निघालाय. बोकड, नग एक." त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "निकाल: आरोपीने मैदानावरचं गवत एक दिवस खावं आणि बोकडाची लेखी माफी मागावी."

मी हसले. आवरलंच नाही.

"यात हसण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "हा चौथा ट्रे आहे. शिवाय गवत खाणं हा निकाल आमच्या यादीत कुठेच बसत नाही, म्हणजे खटला अजून उघडा धरला जातो. खटला उघडा असेल तर मला तिला पाठवताच येत नाही. तिची जागा शुक्रवारपर्यंत राखून ठेवलीय. शुक्रवारी कागद नसला की ती जागा पुढच्याला जाते."

लेसी म्हणाली, "मी बोकडाची माफी मागितली होती, बाई. लेखी."

मी ओरालियाकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने तो कागद घेतला, स्वतःचा शिक्का बघितला, आणि खुर्चीत बसली ती बसलीच.

तिने संगणकात शोधलं. एकसष्ट नावं निघाली. एकसष्ट जनावरचोर, सगळे चौथ्या ट्रेमधले. त्यात आमचा धाकटा पाद्री होता, अंत्यसंस्काराचं दुकान चालवणारा लीलंड होता, माझा सख्खा भाऊ होता, आणि सध्याचे जज टेरेल बॉइस दोनदा होते.

"दोनदा?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी तो अजून शेवटच्या वर्गातही नव्हता, आणि बोकड त्याच्या हातून निसटला होता," ती म्हणाली.

दुपारी आमचे साहेब, मुख्य कारकून प्रूइट, यांनी तोडगा काढला. माणूस प्रेमळ, पण त्यांना सगळ्या गोष्टी जेवणाआधी मिटायला हव्या असतात. म्हणाले, "ओरालिया, कशाला डोकं शिणवतेस? लेसीच्या कागदावर 'खटला रद्द' असा शिक्का मार. सार्जंट खूश, पोरगी खूश. तुझ्या निवृत्तीच्या निरोपाचं जेवण अडीच महिन्यांवर आलंय, केकची ऑर्डर दिलीय मी."

"रद्द करायला खटला असावा लागतो, साहेब," ती म्हणाली. "तो नव्हताच. रद्द म्हटलं की पोरीच्या मागे जन्मभर लागणार, जनावरचोरीचा आरोप होता, मग रद्द झाला. दर वेळी बोकडाची गोष्ट सांगत बसायची का तिने?"

"मग काय करणार?"

"तो खटला नव्हता, असा कोर्टाचा हुकूम पाहिजे. आणि नव्हता तर तो कागद कुणी केला, हे सांगायला पाहिजे."

प्रूइटसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, तिला जरा समजाव, अशा नजरेने. मी काय समजावणार? पण ते गेल्यावर प्रयत्न केला. म्हटलं, "अगं, कोर्टाचा शिक्का बावीस वर्षं बोकडासाठी वापरला म्हणून उघड कोर्टात सांगणार? या वयात? कुणीतरी बाहेरगावचा वर तक्रार करेल आणि केकच्या जागी चौकशी येईल. मार ना एक शिक्का, कोण बघतंय."

'कोण बघतंय' म्हटलं आणि माझी जीभ मीच चावली. ती माझ्याकडे बघून हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चुय मामासारखी बोललीस," एवढंच म्हणाली.

बुधवारभर ती पिवळ्या पॅडवर लिहीत होती. जेवणाच्या सुट्टीतही. डब्यातल्या एन्चिलाडा मी संपवल्या, तिला पत्ता नव्हता.

गुरुवारी सकाळी नऊला जज बॉइस यांच्यापुढे ती उभी राहिली. बातमी फुटली होतीच, खुर्च्या भरल्या होत्या. हब टीग टोपी मांडीवर घेऊन बसले होते. लेसी पहिल्या रांगेत, हात स्वच्छ घासलेले. सार्जंट शेवटच्या रांगेत, ताठ. मी माझ्या खिडकीवर 'दहा मिनिटांत येते' अशी पाटी लावून आले होते, ती पाटी तासभर तशीच राहिली.

ओरालियाने वाचायला सुरुवात केली. दर वर्षाची एक ओळ. अमुक साली, एक फॉर्म, एक शिक्का, बोकड नग एक. मधे कुणी कुणी हसलं, पाद्री जरा जास्तच. तिसरी ओळ आली तेव्हा जजनी चष्मा काढला.

"ओरालियाबाई, यात मी आहे का?"

"दोनदा, जजसाहेब."

"दोनदा नाही हो. पहिल्या वेळी बोकड निसटला होता."

"तो प्रयत्न धरला जातो, साहेब. कलमात आहे."

हब टीग मागून म्हणाले, "माझं एक लिहून घ्या. माझा बोकड कधीच चोरीला गेला नाही. मी फाटक उघडं ठेवायचो. आणि या जजनेच त्याला पिझ्झा घातला होता."

जजनी ते सगळं लिहून घेतलं, पिझ्झा वगळून. मग हुकूम सांगितला: या एकसष्ट नावांचे कागद कोर्टाचे कधीच नव्हते, यातला एकही खटला कधीही दाखल झालेला नाही, सगळे संगणकातून काढावेत, आणि लेसी होल्कोम्बला तसा दाखला आजच्या आज द्यावा. लेसीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्हाला वाटलं, संपलं. उठायला लागलो.

"माझं राहिलंय, साहेब," ओरालिया म्हणाली. "शिक्का मी मारला. त्याचं काय?"

"त्याचं काय करायचं? किरकोळ आहे."

"किरकोळ आहे, पण बावीस आहेत. पाच झाली की सूट लागते."

आता लोक मनमोकळे हसले. ती मात्र तशीच उभी होती. ती गंमत करत नव्हती, हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं. जजनाही दिसलं असावं. ते शाळेत असल्यापासून तिला ओळखत होते.

त्यांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं. "सार्जंट, तुमच्याकडे सूट देताना काय बघतात?"

टॉलिव्हर उभा राहिला. "काय केलं ते बघतात, सर. त्याला किती काळ झाला ते बघतात. त्यानंतर माणूस कसा वागला ते बघतात." तो थांबला. "आणि त्याने स्वतःहून सांगितलं की आम्हाला शोधून काढावं लागलं, ते बघतात. खरं म्हणजे तेच सगळ्यात आधी बघतात."

जजनी पेन उचललं.

"स्वतःहून सांगितलं," जज म्हणाले आणि लिहू लागले. "सूट मंजूर. पुढच्या ऑक्टोबरपासून बोकडाचं आरोपपत्र गुलाबी कागदावर."

ओरालियाने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला, मान हलवली आणि बाहेर आली. वीस मिनिटांनी लेसीचा दाखला तयार होता. शिक्का मारण्याआधी ओरालियाने तो तीनदा तपासला. सार्जंटने तिथेच उभ्याने फोटो काढून वर पाठवला आणि शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला: जागा लेसीचीच.

एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी फोन ठेवून ओरालिया माझ्या खिडकीपुढे आली. इतर लोकांसारखी रांगेत उभी राहून आली.

"मला एक दाखला हवाय," ती म्हणाली. "माझ्या नावाचा. जजसाहेबांच्या त्या हुकमाचा. घरी भिंतीवर लावायचाय."

"मग काढ की."

"स्वतःच्या नावाचा स्वतः काढता येत नाही. नियम आहे."

नियम होताच. आणि जेवणाच्या सुट्टीत तिची खिडकी मी सांभाळायचे, म्हणजे ते काम माझ्याकडेच येत होतं. मी हात लांब करून तिच्या टेबलावरचं पिवळं पॅड ओढलं, तिच्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं.

"लिही," मी म्हटलं. "आठवतंय तिथपासून."

तिने माझ्याकडे बघितलं. शिव्या घालेल असं वाटलं. पण तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, माझ्या फळीवर कोपर टेकलं आणि लिहायला लागली. मला उलटं वाचता येतं, सतरा वर्षांची सवय आहे. बावीस बोकडांच्या आधी, कागदाच्या अगदी वर, तिने पहिली ओळ लिहिली: वय पंधरा, गावची पाण्याची टाकी, पोहले. हो.

'हो'वर तिने पेन दोनदा फिरवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते नंबरप्लेटांच्या खोक्यात डोकं घालून पुसलं.

रांग दारापर्यंत गेली होती. मागून कुणीतरी ओरडला, "बाई, आज नंबर लागणार आहे का आमचा?"

"नंबरप्लेटा काही पळून जात नाहीत," मी म्हटलं. "तिचं लिहून होऊ दे."